सोवळ्यातला उमेदवार आणि रिकाम्या खुर्च्या

गेल्या महिन्यात न्यू जर्सीतल्या एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये एका राजकीय फंडरेझरला गेलो होतो. बटाटेवडे गरम होते, चटणी जरा पाणचट. जिन्याशीच एक फॉर्म हातात मिळाला: नाव, पत्ता, नोकरी कुठे, काम काय, आणि खाली एक चौकट, 'मी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहे'. यजमानांचा पुतण्या एच-१बी व्हिसावर आहे. त्याला एक डॉलरही देता येत नाही. वड्यांचे ट्रे उचलायला मात्र कायद्याची ना नाही. खाणं झाल्यावर २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला आणि नेहमीची जुगलबंदी सुरू झाली. एकाचं म्हणणं, अब्जाधीशांच्या पैशाला शिवतही नाही असा उमेदवार हवा. दुसऱ्याचं म्हणणं, अहो, सगळे एकाच माळेचे मणी. तिसऱ्याने फोन काढून कुणी कुणाकडून किती घेतले ते वाचून दाखवायला घेतलं. तासभर हेच चाललं. टीव्हीवरच्या सुटाबुटातल्या चर्चाही याच्या फार पुढे जात नाहीत.

मला हा वाद मुळातच भलत्या जागी चाललेला दिसतो. उमेदवाराचं सोवळं तपासणं सोपं, म्हणून आपण तेवढंच तपासतो. पैशाच्या राजकारणाला आजवर जो काही लगाम लागला, तो बहुतेक वेळा ओवळ्या हातांनी लागला आणि सोवळ्यातल्यांनी तो सैल सोडला, असं इतिहास पाहिला तर दिसतं. त्यामुळे 'तुम्ही कुणाचे पैसे घेता?' हा प्रश्न मी दुय्यम मानतो. नियम पाळायला लावणाऱ्या खुर्च्यांवर तुम्ही कुणाला बसवणार, हे आधी सांगा.

थिओडोर रूझवेल्टचंच घ्या. १९०४ च्या निवडणुकीत त्याच्या प्रचाराला बड्या कंपन्यांनी भरभरून पैसा पुरवला. प्रतिस्पर्धी आल्टन पार्करने आरोप केले, रूझवेल्टने ते संतापून फेटाळले आणि तो दणक्यात निवडून आला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या विमा कंपन्यांच्या चौकशीत उघड झालं की विमेदारांनी भरलेल्या हप्त्यांमधून पक्षाच्या प्रचाराला रकमा गेल्या होत्या. विधवांच्या आणि पोरक्या मुलांच्या नावाने ठेवलेला पैसा! लाजेने म्हणा, धूर्तपणाने म्हणा, डिसेंबर १९०५ मध्ये रूझवेल्टने काँग्रेसकडे कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी मागितली आणि १९०७ मध्ये टिलमन कायदा झाला. ज्याच्या नावाने हा कायदा ओळखला जातो तो सिनेटर बेंजामिन टिलमन उघड उघड वर्णद्वेष्टा होता, काळ्या नागरिकांचा मताधिकार हिरावून घेतल्याची फुशारकी मारणारा. पैसे खाल्लेला अध्यक्ष, द्वेष पेरणारा सिनेटर, आणि या दोघांच्या हातून अमेरिकेतला निवडणूक निधीवरचा पहिला मोठा संघीय निर्बंध. आजच्या सोवळ्याच्या कसोटीवर यातला एक तरी माणूस उतरला असता का?

जॉन मॅकेनची कथाही याच जातीची. बुडीत बचत बँकेच्या चार्ल्स कीटिंगसाठी नियामकांकडे शब्द टाकणाऱ्या पाच सिनेटरांत त्याचं नाव आलं आणि १९९१ मध्ये सिनेटच्या नीतिसमितीने त्याच्या सारासार विचारावर ठपका ठेवला. ती ठेच त्याला आयुष्यभर ठसठसली असावी. पुढे रस फाइनगोल्डच्या साथीने त्याने वर्षानुवर्षं डोकं आपटलं आणि २००२ मध्ये पक्षांना मिळणारा बेहिशेबी 'सॉफ्ट मनी' बंद करणारा कायदा करून घेतला. त्यावर सही कुणाची? दोनच वर्षांपूर्वी पक्षांतर्गत लढतीत मॅकेनला याच मुद्द्यावर विरोध करणाऱ्या जॉर्ज बुश यांची. कसलाही समारंभ न करता, नाखुशीनेच त्यांनी ती केली.

आता सोवळ्यातले बघू. जेरी ब्राउन १९९२ मध्ये शंभर डॉलरच्या वर देणगी घेत नव्हता आणि प्रत्येक भाषणात आपला टोल-फ्री नंबर सांगायचा. लोकांना तो आवडला, उमेदवारी मिळाली नाही. हार्वर्डचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग २०१५ मध्ये निधी-सुधारणेच्या एकाच मुद्द्यावर उभे राहिले. पक्षाने त्यांना वादविवादाच्या मंचावरही घेतलं नाही आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी माघार घेतली. या दोघांना निदान हरल्याची सबब आहे. बराक ओबामांना तीही नाही. निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर अमेरिकेने सरकारी निधीची एक चांगली सोय केली होती: मुख्य लढतीसाठी सरकारी अनुदान घ्यायचं आणि खर्चाची मर्यादा पाळायची. १९७६ पासून दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार ती पाळत आले. २००८ मध्ये मॅकेनने ८ कोटी ४१ लाख डॉलरचं अनुदान घेतलं. ओबामांनी आधी अनुकूलता दाखवली आणि मग नकार दिला. छोट्या देणगीदारांच्या जोरावर त्यांनी त्या मोहिमेत एकंदर सुमारे ७५ कोटी डॉलर उभे केले. लाखो सामान्य माणसांचे पंचवीस-पन्नास डॉलर, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. पण त्या निवडणुकीनंतर मोठ्या पक्षाच्या एकाही उमेदवाराने मुख्य लढतीसाठी ते अनुदान घेतलेलं नाही. व्यवस्था मेली ती स्वच्छ पैशाच्या हातून. आणि चारच वर्षांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, याच ओबामांनी आपल्या बाजूच्या सुपर पॅकला, म्हणजे उमेदवाराच्या खात्याबाहेर राहून त्याच्यासाठी अमर्याद पैसा घेणाऱ्या आणि खर्चणाऱ्या समितीला, हिरवा कंदील दाखवला.

डोनाल्ड ट्रम्प यांचं सोवळं वेगळ्या कापडाचं. मी श्रीमंत आहे, मला कोण विकत घेणार? ऑगस्ट २०१५ मधल्या पहिल्याच वादविवादात त्यांनी सांगून टाकलं की आपण सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना पैसे देत आलो, आणि काम पडलं की फोन करायचा, ते हजर असतात. इतकी खरी साक्ष त्या मंचावर आधी कुणी दिली नसेल! 'दलदल उपसू' ही घोषणा त्यातूनच आली. सत्तेवर येताच २८ जानेवारी २०१७ रोजी त्यांनी आदेश काढला की सरकारी पद सोडल्यावर पाच वर्षं आपल्या जुन्या खात्यापुढे दलाली करायची नाही. आणि २०२१ च्या जानेवारीत, पायउतार होताना, तोच आदेश स्वतःच्या सहीने मागे घेतला. डेमोक्रॅट वाचकांनी इथे हसू नये. बिल क्लिंटन यांनी १९९३ मध्ये असाच आदेश काढून डिसेंबर २००० च्या शेवटी असाच फाडला होता. कायद्यात न उतरलेली प्रतिज्ञा म्हणजे गणपतीपुरतं सोडलेलं मांसाहारी जेवण.

आता विरोधी बाजूचं बोलू, कारण ती पोकळ नाही. पैशाने अध्यक्षपद विकत मिळत नाही, हे म्हणणारे पुरावे देऊन म्हणतात. रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरलेल्या जेब बुश यांच्या सुपर पॅकने २०१५ च्या पहिल्या सहामाहीतच दहा कोटींहून अधिक डॉलर जमवले. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींपैकी त्यांच्या हाती आले मोजून चार. मायकेल ब्लूमबर्गनी २०२० मध्ये स्वतःच्या खिशातून सुमारे एक अब्ज डॉलर ओतले आणि जिंकलं काय, तर पॅसिफिकमधली चिमुकली बेटं, अमेरिकन सामोआ. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि २०२४ मध्ये कमला हॅरिस, दोघींच्या मोहिमांनी ट्रम्प यांच्यापेक्षा जास्त पैसा गोळा केला आणि दोघी हरल्या. मग ही बोंब कशाला?

कारण देणारा निकालासाठी देतच नाही. तो दारासाठी देतो. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलच्या जीपमध्ये डिझेल भरून देणारा ठेकेदार असतो, त्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. कोण जिंकतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जो जिंकेल त्याने फोन उचलावा एवढीच त्याची माफक अपेक्षा. ट्रम्प यांनी २०१५ मध्ये सांगितलं ते हेच. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन उमेदवारांसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले, आणि नवं सरकार आल्यावर सरकारी खाती छाटण्याच्या मोहिमेचे ते म्होरके झाले. त्यांच्या कंपन्यांची अब्जावधींची कंत्राटं त्याच सरकारकडे होती. त्या पैशाविना ट्रम्प हरले असते असं मी म्हणणार नाही. ते कुणाला सिद्ध करता येणार नाही. पण दुसऱ्या कुठल्या मतदाराला मतदानानंतर अकरा आठवड्यांत अशी खुर्ची मिळाली?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि डाव्या मंडळींनी त्याच्याकडे नीट पाहिलेलंच नाही. कंपन्यांना आणि संघटनांना निवडणुकीत हवा तेवढा खर्च मोकळा करणारा २०१० चा 'सिटिझन्स युनायटेड' निकाल म्हणजे पैशाच्या थैल्यांपुढे कोर्टाने टेकलेले गुडघे, एवढंच त्यांना ठाऊक. खटला होता हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणाऱ्या एका माहितीपटावरून. निवडणुकीआधीच्या ठरावीक दिवसांत तो दाखवायला एका संस्थेला मनाई होती. मार्च २००९ मधल्या सुनावणीत सरकारी वकिलाला विचारलं गेलं की मग पुस्तकालाही हाच कायदा लागेल का, आणि त्याला आडवळणाने का होईना, होकार द्यावा लागला. नागरी हक्कांसाठी आयुष्यभर लढणारी एसीएलयू ही संघटना त्या खटल्यात निर्बंधांच्या विरोधात उभी होती, हे किती जणांना माहीत असतं? निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारावर टीका कुणी करावी हे सरकारने ठरवावं, या कल्पनेने महाराष्ट्रातल्या माणसाच्या अंगावर तर काटा यायला हवा. १९०८ मध्ये अग्रलेखांबद्दल टिळकांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं गेलं, तो गुन्हाही लिहिण्याचाच होता.

हा मुद्दा मी मान्य करतो. पण त्याच निकालात आणखी एक भाग आहे आणि तो वाचायचे कष्ट दोन्ही बाजूंनी घेतलेले नाहीत. खर्चावरची बंदी उठवली पाच विरुद्ध चार मतांनी. खर्च कुणी केला ते जाहीर करायला लावणं घटनेला धरून आहे, हे मात्र कोर्टाने आठ विरुद्ध एक असं ठरवलं. आठ विरुद्ध एक! इतकी मोकळी वाट समोर असताना त्यावर कायदा का झाला नाही? २०१० च्या जूनमध्ये कनिष्ठ सभागृहात 'डिस्क्लोज' विधेयक मंजूर झालं. सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये त्याला ५९ मतं पडली. चर्चा संपवायला लागतात ६०. नावं लपवून पैसा फिरवणाऱ्या संस्थांना एका मताने जीवदान मिळालं आणि पुढे हा 'डार्क मनी' दोन्ही पक्षांनी मनसोक्त वापरला.

म्हणून उमेदवार व्यासपीठावरून 'मी सिटिझन्स युनायटेड उलटवीन' म्हणतो आणि टाळ्या पडतात, तेव्हा मला कंटाळा येतो. हिलरी क्लिंटन यांनी २०१६ मध्ये पहिल्या तीस दिवसांत घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आणण्याचं वचन दिलं होतं. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची संमती लागते, आणि या सगळ्या प्रवासात अध्यक्षाच्या सहीला जागाच नाही. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन द्यायला पैसे पडत नाहीत.

हातात काय असतं ते पाहा. बुश यांनी २००२ मध्ये मॅकेनच्या कायद्यावर सही केली, आणि २००५-०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर जॉन रॉबर्ट्स आणि सॅम्युएल अलिटो यांना नेमलं. अलिटो आले ते सँड्रा डे ओकॉनर यांच्या जागी, म्हणजे २००३ मध्ये तोच कायदा उचलून धरणाऱ्या निकालाच्या सहलेखिकेच्या जागी. २०१० च्या पाच-चारमधल्या पाचात हे दोघे होते. एका हाताने केलेली सही दुसऱ्या हाताच्या नेमणुकीने पुसली गेली. बुशना सुधारणावादी म्हणायचं की सुधारणेचे मारेकरी? सोवळ्या-ओवळ्याच्या हिशेबात याला उत्तरच नाही.

आणि आता त्या खुर्च्या. फेडरल इलेक्शन कमिशन म्हणजे निवडणूक निधीवर नजर ठेवणारं आयोगाचं कार्यालय, वॉटरगेटचं अपत्य. सहा आयुक्त, एका पक्षाचे तीनहून अधिक नाहीत, कुठलाही निर्णय घ्यायला चार मतं. भारतातल्या निवडणूक आयोगासारखी ही संस्था मतदान घेत नाही. ती फक्त पैशाचे नियम पाहते, आणि कोंडी हा तिच्या रचनेतच घातलेला गुण आहे. ओबामांच्या आठ वर्षांत तिथे दोनच नवे आयुक्त बसले. सप्टेंबर २०१९ पासून डिसेंबर २०२० पर्यंत, मधला महिनाभर सोडला तर, चार आयुक्तही उरले नव्हते. म्हणजे २०२० ची जवळजवळ अख्खी अध्यक्षीय मोहीम अंपायर पॅव्हेलियनमध्ये असताना खेळली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एलेन वाइनट्रॉब यांना काढलं, एप्रिलअखेर आणखी एक आयुक्त गेले, आणि गणसंख्या पुन्हा मोडली. आयोग शाबूत असतो तेव्हाही काय करतो ते मार्च २०२४ मध्ये दिसलं: दारोदार प्रचाराच्या कामात सुपर पॅकने उमेदवाराच्या मोहिमेशी संगनमत केलं तरी चालेल, असा सल्ला त्याने दिला. त्याच वर्षी मस्क यांच्या सुपर पॅकने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. यातलं एकही नाव त्या बेसमेंटमध्ये कुणाच्या तोंडी आलं नाही.

अंमलबजावणीचा हा विनोद किती काळा आहे, ते मुंबईत जन्मलेल्या दिनेश डिसूझा यांच्या खटल्यात दिसतं. २०१२ मध्ये सिनेटच्या एका उमेदवाराला दुसऱ्यांच्या नावाने वीस हजार डॉलर दिल्याबद्दल ते २०१४ मध्ये दोषी ठरले. गुन्हा त्यांनी स्वतःच कबूल केला होता. आठ महिने रात्री सुधारगृहात काढावे लागले. पुढे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली ती गोष्ट वेगळी. गुन्हा गुन्हाच होता, मला त्यांची कणव नाही. पण त्याच देशात, पूर्ण कायदेशीरपणे, २५ कोटी खर्चणारा कुठलाही नियम मोडत नाही, फक्त त्याने तो पैसा उमेदवाराच्या खात्याऐवजी शेजारच्या खात्यात टाकायचा.

मग सगळ्यावर सरसकट बंदी? भारताने तेही करून पाहिलं आहे. १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय देणग्या देता याव्यात असा अर्ज आला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा घोटेल असं बजावून संसदेला लक्ष घालायला सांगितलं. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली. पर्यायी सरकारी निधी काही दिला नाही. परिणाम? चेक गेले आणि सुटकेसा आल्या. १९८५ मध्ये बंदी उठवावी लागली, तोवर सुटकेसची सवय हाडीमाशी भिनली होती. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले, 'स्वच्छ पैसा, गुप्त दाता' असं म्हणत. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरवले, आणि मार्चमध्ये स्टेट बँकेला याद्या द्याव्या लागल्या, तेव्हा एका लॉटरी कंपनीने १,३६८ कोटींचे रोखे घेतल्याचं गावोगावच्या पारावर चर्चिलं गेलं. त्यामुळे राजकारण पवित्र झालं का? नाही. पण कुणाला कंत्राट कधी मिळालं आणि रोखा कधी फुटला, या दोन तारखा शेजारी ठेवून बघण्याचा हक्क मतदाराला मिळाला.

छोट्या देणगीदारांबद्दल एक शब्द, कारण हल्ली तेच रामबाण म्हणून सांगितलं जातं. बर्नी सँडर्स यांच्या २७ डॉलरच्या सरासरी देणगीचं मला कौतुक आहे. पण छोटा पैसा गोळा करण्याचाही धंदा होतो. 'मध्यरात्रीपर्यंत पाठवा नाहीतर देश बुडाला' अशा ईमेलांनी माझी पेटी भरलेली असते. २०२० मध्ये ट्रम्प मोहिमेच्या देणगीपानावर 'दर आठवड्याला कापा' या चौकटीत आधीच खूण केलेली असायची. निवृत्त माणसांची खाती रिकामी झाली आणि मोठ्या रकमा परत कराव्या लागल्या. संताप विकला की सुटे पैसे पडतात, त्यामुळे संताप पिकवणारा उमेदवार बाजी मारतो. याला उतारा सरकारी पैशाचा. सिएटलमध्ये २०१७ पासून दर रहिवाशाला पंचवीस डॉलरची चार कुपनं मिळतात, आवडत्या स्थानिक उमेदवाराला द्यायला. न्यूयॉर्क शहर छोट्या देणगीच्या आठपट भर घालतं. तिथेही लबाडी होतेच; तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांना तिथल्या निधी मंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये ही भर नाकारली. पण नाकारली, हे महत्त्वाचं. तिथल्या खुर्च्यांवर माणसं बसलेली होती.

राष्ट्रीय पातळीवर मात्र वॉटरगेटनंतरच्या त्या सोयीचा एकच अवशेष उरला आहे, आणि तो तुमच्या-माझ्या टॅक्स रिटर्नमध्ये आहे. फॉर्म १०४० च्या पहिल्याच पानावर, नाव-पत्त्याच्या शेजारी एक बारकी चौकट: अध्यक्षीय निवडणुकीच्या निधीत तीन डॉलर टाकायचे का? तिथेच छापलेलं असतं की खूण केल्याने तुमचा कर वाढत नाही, परतावाही घटत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी चारांतला एक करदाता तिथे खूण करायचा. आता शंभरांत चारसुद्धा करत नाहीत. बेसमेंटमध्ये वडे संपत आले तेव्हा मी अकरा जणांना विचारलं. यातले दोघे टॅक्स कन्सल्टंट. खूण करणारं कुणीच नव्हतं. "अहो, मला वाटायचं तीन डॉलर आपल्या खिशातून जातात," यजमान म्हणाले, "वीस वर्षं 'नो' करतोय मी." मग त्यांनी माझ्या फॉर्मवरच्या रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवून विचारलं, चेक देताय की कार्ड?